सून नुसतीच चालायला गेली

व्यायामाने प्रकृती सुधारते, याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार एवढीच, की पहिल्या दिवशी मी अर्धा तास व्यायाम केला आणि तेवढ्या अर्ध्या तासात नाशकात माझा संसार मोडला.

नंदिनी, तू पत्रात लिहिलं आहेस की तुमच्याकडे लोक रस्त्याने नुसतेच पळत असतात, मागे कोणी लागलेलं नसतं, पुढे गाडी चुकत नसते, आणि तरी त्यांना कोणी काही विचारत नाही. वाचून मला हेवा वाटला. मी तर नुसती चालले होते. शिरीष, तूही वाच. यात तुझे आजोबा सायकलवरून येतात आणि फारसे शोभत नाहीत, पण माझा नाइलाज आहे. आले ते तसेच आले.

गोष्ट एकोणीसशे चौतीस-पस्तीसच्या सुमाराची. लग्न होऊन मला तीन वर्षं झाली होती. मी पुण्याला इंग्रजी शाळेतून मॅट्रिक झालेली, म्हणजे आमच्या गल्लीच्या मते जवळजवळ बॅरिस्टर. तुमचे आजोबा हायस्कुलात गणित शिकवत. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. त्या श्रावणात सासूबाई न्हाणीत घसरल्या आणि त्यांच्या मांडीच्या हाडाला तडा गेला. डॉक्टरांनी फळ्या बांधल्या, दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवल्या आणि बजावलं, "तीन महिने खाट सोडायची नाही. हाड जुळेल. पण मध्येच गाडीत घालून कुठे हलवलंत, तर मग जन्माची खाट."

झालं. त्या दिवसापासून सासूबाई माझ्या ताब्यात आल्या.

माझी शिस्त तुम्हाला माहीत आहेच. (शिरीषच्या पेन्सिलींना मी नंबर घातले होते, ते तो विसरला नसेल.) पुठ्ठ्यावर तांबड्या शाईने रेघा आखून मी आजारपणाचं वेळापत्रक केलं आणि खाटेच्या पायथ्याशी, त्यांना दिवसभर दिसेल असं टांगलं. एकूण बावीस कलमं. कूस बदलणे, पाठीला स्पिरिट चोळणे, ताक, जप, बोधप्रद वाचन, करमणूक. ताप नसतानाही मी दिवसातून तीनदा ताप बघत असे आणि त्याचा आलेख काढत असे. आलेख म्हणजे एक सरळ रेघच यायची. पण रेघ सुबक होती.

"इंदू, जरा बोलत बस गं माझ्याशी," सासूबाई म्हणायच्या.

"करमणूक साडेपाचला आहे, सासूबाई."

त्या डोळे मिटून घ्यायच्या. मला वाटायचं, केवढं समाधान आहे बाईंच्या चेहऱ्यावर.

दीड महिना असा सुरळीत गेला, आणि एक दिवस त्यांच्या पाठीखालची चादर ओढून घेताना माझ्याच कमरेत उसण भरली. मी खाटेवर वाकले होते ती वाकलेलीच राहिले. त्यांचे दोन्ही हात माझ्या गळ्यात. मला सरळ होता येईना आणि त्यांना मागे टेकता येईना.

"सोड आता," त्या म्हणाल्या.

"सुटत नाहीये."

"मग निदान मान तिकडे कर. तुझं मंगळसूत्र माझ्या नाकात जातंय."

तेवढ्यात शेजारच्या गोदूमावशी दारात आल्या. गोदूमावशी स्वभावाने गरीब, एकट्या, आमच्याकडे दिवसातून चारदा डोकावणाऱ्या. त्यांनी आम्हांला तशा अवस्थेत पाहिलं, डोळ्यांना पदर लावला आणि "काय हे सासू-सुनेचं प्रेम" म्हणत, आम्हांला व्यत्यय नको म्हणून हलक्या पावलांनी परत गेल्या. पुढचा पाऊण तास आम्ही त्याच प्रेमात अडकून होतो. शेवटी तुमचे आजोबा शाळेतून आले आणि त्यांनी आम्हांला वेगळं केलं.

आता या हसण्यामागची गंभीर गोष्ट सांगते. सासूबाईंची लेक, म्हणजे माझ्या थोरल्या वन्सं, घोटीला दिलेल्या. त्यांच्या यजमानांची भाताची गिरणी. वन्सं स्वभावाने कर्त्या. "वहिनीला झेपत नसेल तर आईला मी घोटीला आणते," असं त्यांचं पहिल्या दिवसापासूनचं म्हणणं. सासूबाईंना ते मरणाहून वाईट. एक तर लेकीच्या घरी जाऊन राहायचं, जिथे त्यांच्या पिढीच्या बायका पाणीसुद्धा घोटभर पीत नसत, तिथे खाटेवर पडून सगळं करून घ्यायचं. आणि दुसरं, टांगा, आगगाडी, पुढे बैलगाडी, या सगळ्यात ते अर्धं जुळलेलं हाड पुन्हा मोडणार. म्हणजे माझी कंबर उभी राहिली तर सासूबाई पायांवर उभ्या राहणार, असा तो सरळ त्रैराशिकाचा हिशेब होता.

कंबर शेकून शेकून चार दिवसांत जागेवर आली. मंगळवारी दुपारी डॉक्टर आले. त्यांनी आधी सासूबाईंना तपासलं, मग मला.

"पेशंटचं हाड जुळतंय," ते म्हणाले. "मोडतंय ते पेशंटला उचलणारं माणूस. दिवसभर तू वाकलेली. रोज अर्धा तास घराबाहेर पड. झपझप चालायचं, पाठ ताठ, हात मोकळे. हातात तबक नको, तांब्या नको, पिशवी नको. आणि वाटेत कोणाशी बोलत थांबायचं नाही. थांबलीस की फायदा गेला."

"पण चालत जायचं कुठे?"

"कुठेच नाही. जायचं आणि परत यायचं. गंगापूर रोडला जा. दोन्ही बाजूंनी पेरूच्या बागा, चिटपाखरू भेटायचं नाही."

नाशकात बायका चालत नसत असं नाही, पुष्कळ चालत. पण देवळात, गंगेवर, बाजारात, हळदीकुंकवाला नाहीतर भेटायला. हातात तबक असलं की देऊळ, धुण्याचे पिळे असले की गंगा, पिशवी असली की बाजार. गल्ली आधी हात बघायची आणि मग तोंड. भर दिवसा, मोकळ्या हातांनी, भराभरा चालणारी बाई एकाच प्रकारची असे: घरात भांडून निघालेली. हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं, कारण ते पुरुष. मला ठाऊक असायला हवं होतं. पण त्या वेळी माझं डोकं वेगळ्याच गोष्टीत होतं. गंगापूर रोडवर पेरू होते, पण आमच्या घरापासून मोजून किती चाललो हे कळायची सोय नव्हती. उलट स्टेशनच्या रस्त्यावर मैलाचे दगड होते. आमच्या गल्लीच्या तोंडापासून एका विशिष्ट दगडापर्यंत बरोबर एक मैल. जाऊन-येऊन दोन मैल, अर्धा तास. कसं नेटकं. मी स्टेशनचा रस्ता निवडला.

नाशकातली प्रत्येक रुसलेली सून माहेरची गाडी पकडायला त्याच रस्त्याने जात असे, हे मी लक्षात घेतलं नाही.

तयारी मात्र चोख केली. चपलेने पाय घसरतो, म्हणून तुमच्या आजोबांचे कॅनव्हासचे बूट घातले, पुढे कापूस भरून. नऊवारीचा काष्टा घट्ट केला. वडिलांचं खिशातलं घड्याळ कमरेला खोचलं. सासूबाईंजवळ गोदूमावशींना बसवलं. तुमच्या आजोबांना काही सांगितलेलं नव्हतं. "यांच्याशी बोलणे" हे कलम संध्याकाळी सात वाजता होतं. त्यात दुपारी मी मिरच्या कुटल्या होत्या, त्यामुळे डोळे लाल होऊन घळाघळा वाहत होते. त्याने चालण्यात काही अडचण येणार नव्हती.

निघताना सासूबाईंनी गोदूमावशींना बजावलं, "कोणी विचारलं तर काही सांगू नकोस हो. सून नुसतीच चालायला गेली म्हणून सांगितलंस तर लोक हसतील आम्हांला."

गोदूमावशींनी तो शब्द प्राणपणाने पाळला. पुढे जे घडलं ते निम्मं त्यामुळेच.

ठीक पावणेपाचला मी उंबरा ओलांडला. कोपऱ्यावरच्या काकू ओट्यावर शेंगा निवडत होत्या. त्यांनी माझे हात पाहिले, मग डोळे, मग बूट.

"कुठे निघालीस गं?"

"कुठेच नाही, काकू."

"अगं, थांब तरी."

मी थांबले नाही. डॉक्टरांचा हुकूम होता. मागे शेंगांचं सूप खाली ठेवल्याचा आवाज ऐकू आला. काकू आमच्या घराकडे गेल्या असाव्यात, कारण नंतर कळलं, त्यांनी गोदूमावशींना विचारलं, "सून कुठे गेली?" आणि गोदूमावशी म्हणाल्या, "मला काही म्हणजे काही विचारू नका, मी शब्द दिलाय."

मी मात्र मोठ्या रस्त्याला लागले होते. हवा छान होती. पाठ ताठ होती. शंभरेक पावलं गेले असेन, तर शेजारून आवाज आला. कोंडाबाई माळीण. आमच्याकडे रोज भाजी घालणारी. बाजार आटोपून रिकामी पाटी डोक्यावर घेऊन मळ्याकडे निघालेली.

"बाई, रडू नका."

"रडत नाहीये, कोंडाबाई. मिरच्या कुटल्या."

"मी बी असंच सांगायचे." ती माझ्या पावलाला पाऊल लावून चालू लागली. "सासूनं मारलं का?"

"अगं, त्यांना खाटेवरून उठता येत नाही."

"मंग तोंडानं मारलं आसंल. त्ये लय लागतं. मी दोनदा गेलते पळून. माहेरी आठ दिस लय लाड हाय, नवव्या दिवशी भावजय पाटी देती डोक्यावर. जाऊ नका."

"मी कुठे जात नाहीये. मी व्यायाम करतेय."

"करा बाई, काय बी करा, पन ह्या रस्त्यानं नका करू."

तिच्या ओळखीच्या आणखी दोघी भाजीवाल्या मागून आल्या. त्यांना कोंडाबाईने माझी सगळी हकिगत सांगितली. मलाही ती प्रथमच कळत होती. त्या दोघीही सोबत आल्या. त्यांच्यातल्या एकीची शेळी होती, तीही आली. अशी आमची मिरवणूक स्टेशनच्या दिशेने झपाट्याने निघाली. वेग कमी करायचा नव्हता, त्यामुळे सगळ्यांना धापा लागल्या होत्या, आणि पाहणाऱ्याला वाटावं की मला तिघी पकडायला धावताहेत.

पाहणारी लगेच आलीही. समोरून टांगा आला. टांगा रहीमचाचांचा, आमच्या घराला वर्षानुवर्षं तोच. आणि आत, घोटीच्या दुपारच्या गाडीने उतरलेल्या, ट्रंक मांडीशी घेऊन बसलेल्या आमच्या वन्सं.

"वहिनी? अगं, वहिनी! कुठे?"

काय करणार? थांबायचं नव्हतं. मी चालता चालताच वाकून नमस्कार केला. "या वन्सं. चहा ठेवायला सांगा गोदूमावशींना. मी आलेच."

आणि स्टेशनच्या दिशेने निघून गेले.

मागे घोड्याच्या टापा फिरल्या. टांगा वळून माझ्या बरोबरीने चालू लागला.

"बेटी, बैठ जा," रहीमचाचा वरून म्हणाले. "टेशनपर्यंत पाय सुजतील. भांडायचंच तर बसून भांड."

"चाचा, मी स्टेशनला जात नाहीये."

"मग हा रस्ता कुठं जातो, बेटी? मी तीस साल चालवतो टांगा, मला तर टेशनच लागतं."

वन्सं टांग्यातून वाकल्या. "आईला एकटीला टाकून निघालीस?"

"एकटी नाही. गोदूमावशी आहेत."

"म्हणजे सोय लावून निघालीस."

"पंधरा मिनिटांत परत येणार आहे मी!"

"असं सगळ्याच म्हणतात," वन्सं म्हणाल्या. कोंडाबाईने मान डोलावली.

दगड समोर दिसायला लागला होता, तेवढ्यात मागून सायकलची घंटा ऐकू आली, आणि घंटेबरोबर "बाजू, बाजू" असा घाबरा आवाज. तुमच्या आजोबांना शाळेत कोणीतरी जाऊन सांगितलं होतं, "मास्तर, तुमच्या मंडळी हातात काही न घेता स्टेशनकडे गेल्या." ते तडक ड्रिलमास्तरांची सायकल घेऊन निघाले. सायकल त्यांना सुरू करता यायची, थांबवता यायची नाही. ते आमच्या शेजारून सरळ पुढे गेले, शेळी उधळली, आणि मग ते एका बाभळीला धरून उतरले.

"इंदू," ते धापा टाकत म्हणाले, "माझं काय चुकलं ते सांग. इथेच सांग."

"काही चुकलं नाही. बाजूला व्हा, दगड येऊ द्या."

"दगड? अगं, असं काही मनात आणू नकोस." त्यांचा चेहरा पांढरा पडला. ते सायकल ओढत माझ्याबरोबर चालू लागले. "ताईला पत्र लिहायला नको होतं मी. मला मान्य आहे. तुझी कंबर धरली तेव्हा मी घाबरलो. पण तुला न विचारता लिहायला नको होतं."

"कसलं पत्र?"

आजोबांनी वन्संकडे पाहिलं. वन्संनी घोड्याकडे पाहिलं.

"हेच," ते हळूच म्हणाले, "की हिला झेपत नाही, तेव्हा आईला येऊन घेऊन जा."

तर वन्सं अशा आल्या होत्या. माझ्या घरात, माझ्या बावीस कलमांच्या पाठीमागे हा कारभार चालला होता. कुठलीही बाई तिथे मट्कन खाली बसली असती. मला सांगायला अभिमान वाटतो की मी थांबले नाही. दगडाजवळ गेले, त्याला हात लावला, घड्याळ पाहिलं (पाच वाजायला एक मिनिट, आपण एक मिनिट पुढे होतो), आणि तशीच टाचेवर वळून घराकडे चालू लागले.

सगळे जागच्या जागी उभे राहिले. मग कोंडाबाई मोठ्याने म्हणाली, "वळली! माझं ऐकलं बाईनं!"

परतीची मिरवणूक आणखी थाटाची झाली. पुढे मी, मागे सायकल ओढणारे आजोबा, मग टांगा, मग तिघी माळणी. वाटेत भेटेल त्याला कोंडाबाई सांगत होती, "हायेत, हायेत, परत आनल्या." घरी पोचले तर दारात चपलाच चपला. आत खाटेभोवती पंधरा-वीस बायका. गोदूमावशी कोपऱ्यात तोंडावर हात दाबून बसल्या होत्या. त्यांनी खरोखरच अवाक्षर काढलं नव्हतं. त्यामुळे बाकीच्यांना स्वतःच सगळं ठरवावं लागलं होतं, आणि त्या सासूबाईंना सुनावत होत्या.

"मांडीचं हाड मोडलं, पण जीभ शाबूत होती ना तुमची," काकू म्हणत होत्या. "शिकलेली पोर, किती दिवस ऐकून घेईल?"

सासूबाईंनी दारात मला पाहिलं. "सव्वापाचला कूस बदलायची असते माझी," त्या म्हणाल्या. "आज पाच मिनिटं उशीर झालाय."

वन्सं पुढे झाल्या. "आई, पुरे झालं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ही अर्ध्या रस्त्यात होती. उद्या सकाळच्या गाडीने मी तुला घोटीला नेणार."

"ताई, पण हाड," तुमचे आजोबा म्हणाले.

"तू बोलू नकोस. तूच बोलावलंयस मला."

मला बोलायचं होतं, पण धाप लागली होती. तेव्हा सासूबाई कोपरावर जोर देऊन जराशा वर उठल्या. लोक हसतील म्हणून जी गोष्ट त्यांना झाकायची होती, ती त्यांनी सगळ्या गल्लीसमोर सांगितली.

"माझी सून पळाली नव्हती. चालायला गेली होती."

"कुठे?" काकूंनी विचारलं.

"कुठे नाही. नुसतीच. मला उचलून उचलून तिची कंबर गेली, म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. हसायचं असेल तर आत्ता हसून घ्या, कारण उद्याही जाणार आहे ती. पावणेपाचला दारात उभ्या राहून बघा."

कोणी हसलं नाही. कोणाला खरंही वाटलं नाही. वन्सं म्हणाल्या, "ठीक आहे. आठ दिवस मी इथे राहते. एक दिवस जरी हिची कंबर धरली, तर नवव्या दिवशी तू घोटीला."

"आणि नाही धरली तर?"

"तर मी एकटी जाते."

दुसऱ्या दिवशी पावणेपाचला गल्ली दुतर्फा उभी होती. पालखी निघावी तशी मी निघाले. रहीमचाचा टांगा घेऊन वीस पावलं मागून येत होते. "तू चाल, बेटी, मी फक्त हाय," म्हणाले. परतले तेव्हा काही जणींची चक्क निराशा झाली. तिसऱ्या दिवशी लोकांना सवय झाली आणि चौथ्या दिवशी कामं सुचली. "तिकडे चाललीच आहेस तर माझ्या बहिणीकडे एवढा लोणच्याचा बरणीभर नमुना देशील का?" हात मोकळे ठेवायचेत म्हणून सांगितलं, तर बाईला गर्व झाला अशी बोलवा उठली. मी मात्र रोज दगडाला हात लावून परत येत होते, आणि खरंच सांगते, कंबर सुटत होती. भूक लागत होती. सासूबाईंना कुशीवर वळवताना पूर्वी डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, ते बंद झाले.

हे वन्संना दिसत होतं आणि पटत नव्हतं. पाचव्या दिवशी चादर बदलताना त्या म्हणाल्या, "बाजूला हो. यात चालण्याबिलण्याचं काही नसतं, हातात जोर लागतो. तांदळाची पोती ज्या घरात उचलतात तिथे नांदते मी."

"वन्सं, गुडघ्यात वाका, कमरेत नको."

"मला शिकवू नकोस."

त्यांनी पदर खोचला, सासूबाईंच्या पाठीखाली हात घातले, आणि "हं" असा एक आवाज काढून तशाच राहिल्या.

"सोड आता," सासूबाई म्हणाल्या.

वन्संच्या डोळ्यांतून पाणी आलं. "सुटत नाहीये, आई."

"इंदू," सासूबाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "गोदूला हाक मार. तिला म्हणावं, ये, बघून घे, इथे आज पुन्हा प्रेम आहे."

डॉक्टर आले. त्यांनी वन्संची कंबर शेकायला सांगितली आणि दोन दिवसांनी अर्धा तास चालायला. वन्सं आधी म्हणाल्या, "घोटीची अमक्याची बायको रस्त्याने नुसती फिरते म्हणतील." मग कळ आली आणि त्या तयार झाल्या. पायांत घालायला दुसरे बूट नव्हते, म्हणून तुमच्या आजोबांचे शाळेचे काळे बूट त्यांना दिले. आजोबा दोन दिवस शाळेत चपला घालून गेले. पावणेपाचला आम्ही दोघी निघालो, तर काकू गोदूमावशींना म्हणाल्या, "आता नणंदही चालली. त्या घरात नक्की काय आहे गं?"

नवव्या दिवशी वन्सं एकट्याच घोटीला गेल्या. जाताना म्हणाल्या, "आईला इथेच राहू दे. तिला उचलायला मला आधी दोन वर्षं चालावं लागेल." माझ्या पाठीवर त्यांनी थोपटलं. मी विचारलं, ताठ आहे ना? त्या म्हणाल्या, लाकडासारखी.

मार्गशीर्षात सासूबाई काठी घेऊन उठल्या. खाटेपासून दारापर्यंत, मग ओसरीपर्यंत. ज्या दिवशी त्या पहिल्यांदा ओसरीवर येऊन बसल्या, त्या दिवशी पावणेपाच वाजले तरी मी विणकाम घेऊन त्यांच्याजवळ बसलेली.

"आज जायचं नाही?" त्यांनी विचारलं.

"आता काय गरज, सासूबाई? तुम्ही बऱ्या झालात. आता मी पूर्ण वेळ तुमच्याजवळच. नवं वेळापत्रकही करायला घेतलंय, बरं होण्याच्या काळाचं. एकतीस कलमं आहेत."

त्यांनी काठी भिंतीला टेकवली. "इंदू, रागावणार नसशील तर एक सांगते. त्या मंगळवारी डॉक्टरांना चहा करायला तू आत गेलीस ना, तेव्हा मी त्यांना हात जोडले. म्हटलं, पोर गुणाची आहे, कमरेतून मोडली तरी उठून उभी राहते. पण तिचाही जीव आंबलाय आणि माझाही. काहीही सांगा, पण हिला रोज दोन तास घराबाहेर काढा."

"दोन तास?"

"डॉक्टर अर्ध्या तासावरच आले."

माझ्या हातातल्या सुया थांबल्या. "म्हणजे मी चालायला जायची तेव्हा तुम्ही काय करायचात?"

"काहीच नाही गं," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तीन महिन्यांत मी न पाहिलेलं सुख पसरलं. "नुसती पडून राहायचे. घोटीला जायला मी का तयार नव्हते? लेकीचं घर ते आहेच. पण ती बाई दिवसभर घरातच असते."

मी आत गेले, कॅनव्हासचे बूट चढवले आणि निघाले. त्या दिवशी दगडाला हात लावून वळले नाही. आणखी दोन दगड पुढे गेले. आजारी माणसाची सेवा पत्करली की एवढं करावंच लागतं.